नाव बदलले, संकेतस्थळाचा पत्ता कसा बदलावा?

वेब सर्व्हरच्या व्यवस्थापन 'एपीआय'ची ओळख

छत्रपती संभाजीनगर - औरंगाबाद शहराचे नाव 'छत्रपती संभाजीनगर' करण्यास केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी संमती दिली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महसुली विभाग, जिल्हा, उपविभाग आणि तालुका यांची नावे बदलणारी अधिसूचना निघाली. या निर्णयाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचे नावही बदलले आणि तिकिटावरील 'एडब्ल्यूबी' या अंगवळणी पडलेल्या संकेताच्या जागी 'सीपीएसएन' आला. पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलले की ते डोळ्यांना दिसते. संकेतस्थळाचा पत्ता बदलण्याचे काम मात्र असे आहे, की ते अर्धवट राहिले तरी कार्यालयात बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. तो लागतो प्रवेशअर्ज शोधणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा जुन्या पावतीवरील दुवा उघडू पाहणाऱ्या खातेदाराला.

शहराला नामबदलाचा अनुभव नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्या वेळी विद्यापीठाला संकेतस्थळाचा विचार करण्याचे कारण नव्हते. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तीच मुळी १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आज परिस्थिती उलटी आहे. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ नव्या नावाने राज्य शासनाच्या पत्त्याखाली आले आहे, आणि त्यामागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे 'एनआयसी'ची, यंत्रणा आहे. पण ज्या महाविद्यालयाच्या, पतसंस्थेच्या, रुग्णालयाच्या किंवा व्यापारी संघटनेच्या पत्त्यात जुने नाव गुंफलेले आहे, तिला हे काम स्वतःच निस्तरावे लागते. पत्ता एकच असेल तर एखादा जाणकार अर्ध्या तासात ते उरकेल. मुख्य संकेतस्थळ, त्याच्या शाखा, निकालाचे पान, शुल्क भरण्याचे पान, माजी विद्यार्थ्यांचे पान असे वीस-पंचवीस पत्ते असतील, तर वेब सर्व्हरच्या व्यवस्थापन 'एपीआय'ची उपयुक्तता कळते.

जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे

वाचकाने ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला, की त्याची मागणी वेब सर्व्हर नावाच्या आज्ञावलीकडे जाते. अपॅची, एनजिनएक्स, मायक्रोसॉफ्टचा आयआयएस, कॅडी ही अशा आज्ञावलींची प्रचलित नावे. जुन्या पत्त्यावर मागणी आली, तर सर्व्हर "हे पान कायमचे अमुक ठिकाणी हलले आहे" असे उत्तर देऊ शकतो. या उत्तराचा ठरलेला क्रमांक ३०१. तात्पुरत्या बदलासाठी ३०२ हा क्रमांक आहे. फरक किरकोळ वाटतो, पण शोधयंत्रे ३०१ पाहून जुन्या पत्त्याची पुण्याई नव्याच्या खात्यावर जमा करतात. ३०२ पाहिल्यास जुना पत्ताच अजून खरा आहे असे समजू शकतात.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे जुन्या संकेतस्थळावरील प्रत्येक पान नव्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडणे. 'निकाल, २०१९' हे पान शोधणारा मुखपृष्ठावर येतो आणि तेथून पुढे त्याला वाट सापडत नाही. पत्त्यातील नावापुढचा भाग, म्हणजे पानाचा मार्ग, जसाच्या तसा पुढे गेला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे घाईने ३०१ लावणे. ब्राउझर हे उत्तर आपल्या स्मरणात दीर्घकाळ ठेवतात. नव्या पत्त्यात एक अक्षर चुकले असेल, तर सर्व्हरवर दुरुस्ती करूनही काही वाचक चुकीच्याच ठिकाणी जात राहतात. म्हणून अनुभवी प्रशासक आधी ३०२ लावून सारे मार्ग तपासतात, आणि मगच ३०१ करतात.

या शहराच्या बाबतीत अक्षर चुकण्याचा संभव थोडाथोडका नाही. रोमन लिपीत जुने नाव दहा अक्षरांचे होते. नवे पूर्ण नाव चोवीस अक्षरांचे आहे, आणि त्यातील 'छ'साठी एक 'एच' लिहायचा की दोन, यावर लिहिणाऱ्यांचे एकमत नसते. लघुरूप घेतले तर तेही आधीच कोणी नोंदवलेले असू शकते. '.भारत' ही देवनागरी पत्त्यांची सोय २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. तिचा आधार घेतल्यास 'छत्रपती' आणि 'छत्रपति', 'संभाजीनगर' आणि 'सम्भाजीनगर' हे यंत्राच्या लेखी वेगवेगळे पत्ते ठरतात. शिवाय यंत्रणेच्या आत देवनागरी पत्ता 'प्युनीकोड' नावाच्या रोमन अक्षरांच्या पद्धतीतच फिरतो, हे सर्व्हरची मांडणी करताना ध्यानात ठेवावे लागते.

फाइल उघडण्याऐवजी निरोप

परंपरेने सर्व्हरची मांडणी एका मजकूर फाइलमध्ये लिहिलेली असते. अपॅचीचा प्रशासक सर्व्हरवर प्रवेश करतो, फाइल उघडतो, ओळी बदलतो आणि सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावतो. आयआयएसवर हेच काम खिडक्या उघडून, खुणा करून होते. एका संकेतस्थळासाठी हे पुरेसे आहे. पंचवीस संकेतस्थळांसाठी तीच कृती पंचवीस वेळा करायची म्हटली, की सतराव्या वेळी एखादी खूण राहून जाते, आणि ती राहिली आहे हे कोठेही नोंदलेले नसते.

व्यवस्थापन एपीआय म्हणजे हेच बदल निरोपाच्या स्वरूपात स्वीकारणारे सर्व्हरचे एक वेगळे दार. ब्राउझर ज्या एचटीटीपी भाषेत पाने मागतो, त्याच भाषेत दुसरी एखादी आज्ञावली या दारावर येऊन "तुझी सध्याची मांडणी दाखव", "हे संकेतस्थळ जोड", "तो नियम काढून टाक" असे सांगते. 'गेट' म्हणजे दाखव, 'पोस्ट' म्हणजे नवे घे, 'पॅच' म्हणजे असलेले बदल, 'डिलीट' म्हणजे काढ. निरोपाचा मजकूर बहुधा 'जेसन' या सुटसुटीत मांडणीत असतो. या रीतीला 'रेस्ट' हे नाव रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या प्रबंधामुळे मिळाले. हेच फील्डिंग अपॅची सर्व्हरच्या प्रारंभीच्या शिल्पकारांपैकी एक. पण गंमत अशी, की खुद्द अपॅचीमध्ये आजही सर्वंकष व्यवस्थापन एपीआय नाही. एनजिनएक्सच्या मुक्त आवृत्तीतही ती सोय नसून सशुल्क आवृत्तीत आहे, आणि तीही सगळ्या मांडणीसाठी नव्हे. त्यामुळे प्रत्यक्ष उदाहरणासाठी आयआयएस आणि कॅडी यांच्याकडेच वळावे लागते.

आयआयएस : दोन कुलपे

मायक्रोसॉफ्टने आयआयएससाठीची व्यवस्थापन एपीआय २०१६ मध्ये आणली. ती आयआयएसच्या सोबत आपोआप येत नाही. वेगळी बसवावी लागते. बसवल्यावर ती विंडोजमधील एक स्वतंत्र सेवा म्हणून चालते आणि ५५५३९ या क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन असते. संभाषण एचटीटीपीएसमधून, म्हणजे कूटबद्ध होते. सुरुवातीचे प्रमाणपत्र मात्र यंत्राने स्वतःच स्वतःला दिलेले असते, त्यामुळे ब्राउझर पहिल्या भेटीत धोक्याचा इशारा देतो. तो नेहमीसाठी दुर्लक्षित करण्याची सवय लावण्याऐवजी संस्थेचे रीतसर प्रमाणपत्र बसवलेले बरे.

यापुढची पायरी 'टोकन' मिळवण्याची. त्याच यंत्रावर ब्राउझर उघडून या पोर्टवरील टोकनांच्या पानावर जायचे, विंडोजच्या प्रशासक खात्याने ओळख पटवायची आणि नवे टोकन मागायचे. अक्षरांची ती लांबलचक मालिका एकदाच दाखवली जाते. ती तेथल्या तेथे सुरक्षित जागी ठेवावी लागते. हरवल्यास ती पुन्हा पाहता येत नाही, जुने टोकन रद्द करून नवे काढावे लागते. टोकनाला मुदत घालण्याची सोय आहे आणि ती वापरलीच पाहिजे. त्यानंतर प्रत्येक निरोपाच्या शीर्षभागात हे टोकन जोडायचे असते. केवळ टोकन पुरत नाही. विंडोजच्या खात्याची ओळखही पटावी लागते. कुलपे दोन आहेत ती या अर्थाने.

संकेतस्थळांची यादी मागितली, की प्रत्येकाचे नाव, ओळख-क्रमांक आणि स्थिती जेसनमध्ये येते, आणि सोबत त्याच्याशी निगडित इतर गोष्टींचे दुवेही येतात. पुढे कोठे जायचे हे उत्तरातच लिहिलेले असल्यामुळे माहितीपुस्तिका सतत चाळावी लागत नाही. पत्ता वळवण्याचा घटक सर्व्हरवर आधी बसवलेला असावा लागतो. तो असल्यास जुन्या संकेतस्थळासाठी नवा पत्ता आणि वळणाचा प्रकार निरोपातून ठरवता येतो. आयआयएस पानाचा मार्ग आपणहून पुढे जोडतो, ही चांगली बाजू. पण काही न सांगितल्यास तो ३०२ लावतो. 'कायमचे' हा पर्याय स्पष्टपणे निवडावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

कॅडी : सोपे दार, विसराळू घर

कॅडी हा तुलनेने तरुण सर्व्हर. २०१५ मध्ये तो प्रथम आला आणि २०२० मध्ये त्याची दुसरी, मुळापासून नव्याने लिहिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या आवृत्तीत व्यवस्थापन एपीआय हे नंतर जोडलेले उपांग नाही; सर्व्हरची सगळी मांडणीच तिच्यातून जाते. मांडणीची फाइल लिहिली, तरी ती जेसनमध्ये रूपांतरित होऊन याच दाराने आत जाते. हे दार कोणतीही खटपट न करता २०१९ क्रमांकाच्या पोर्टवर उघडलेले असते, मात्र फक्त त्याच यंत्रावरील आज्ञावलींसाठी.

'कर्ल' या साध्या साधनाने 'कॉन्फिग' या मार्गावर 'गेट' केले, की संपूर्ण मांडणी समोर येते. पहिले काम म्हणजे ती एका फाइलमध्ये जपून ठेवणे. मग मांडणीच्या नेमक्या फांदीचा मार्ग देऊन तेवढाच भाग बदलता येतो. 'पोस्ट' यादीच्या शेवटी नवा नियम जोडतो, 'पुट' हव्या त्या जागी घुसवतो, 'पॅच' असलेल्याच्या जागी नवा ठेवतो. नियमाला स्वतःचे ओळखनाव देण्याची सोय आहे. ते दिले असेल तर लांबलचक मार्ग लिहावा न लागता त्या नावानेच नियम गाठता येतो. दोन प्रशासकांनी एकाच वेळी हात घातला तर एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावर लिहिला जाऊ नये, यासाठी वाचताना मिळालेला शिक्का बदल करताना परत दाखवण्याची तरतूदही आहे. मधल्या काळात मांडणी बदलली असेल, तर सर्व्हर बदल नाकारतो.

कॅडीचा मोठा गुण असा, की नवी मांडणी सदोष असेल तर ती लागूच होत नाही. जुनी अखंड चालू राहते. वाचकाला मध्ये खंड जाणवत नाही. दुसरा गुण प्रमाणपत्रांचा. नवा पत्ता नियमात लिहिला आणि तो पत्ता त्या सर्व्हरकडे वळलेला असला, की 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून कॅडी स्वतः प्रमाणपत्र आणतो आणि वेळेवर त्याचे नूतनीकरण करतो. ही बाब यापुढे अधिकच महत्त्वाची ठरणार आहे. प्रमाणपत्राची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवसांची होती; ती १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवसांवर आणण्याचे प्रमाणपत्र संस्था व ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले. वर्षातून एकदा दिनदर्शिकेत खूण करून प्रमाणपत्र हाताने बदलणाऱ्या संस्थेला दर दीड महिन्याने ते करणे झेपणारे नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते सांभाळायचे असतील, तर काम दुप्पट.

एक खाचखळगा मात्र असा आहे, की त्यात नवखे हमखास पडतात. एपीआयमधून केलेला बदल चालू सर्व्हरला तत्काळ लागू होतो, पण मूळ मांडणी-फाइलमध्ये लिहिला जात नाही. वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि कॅडीने जुनी फाइल वाचली, की आठवडाभर व्यवस्थित चाललेली वळणे नाहीशी होतात. कॅडी शेवटची मांडणी आपोआप साठवतो हे खरे. पण तीच पुन्हा उचलावी असे सुरू करताना सांगावे लागते. लिनक्सवर यासाठी दोन वेगवेगळ्या सेवा-फाइली मिळतात, एक मांडणी-फाइल वापरणाऱ्यांसाठी आणि दुसरी एपीआय वापरणाऱ्यांसाठी. कोणती रीत पाळायची हे पहिल्याच दिवशी ठरवावे. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याची फजिती बहुधा सुट्टीच्या दिवशी होते.

दार कोणाकडे उघडते?

ज्या दारातून एका निरोपाने पंचवीस संकेतस्थळे नव्या पत्त्यावर वळतात, त्याच दारातून ती भलत्या पत्त्यावरही वळू शकतात. पतसंस्थेचे शुल्क भरण्याचे पान हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या पानाकडे गेले, तर खातेदाराला संशय येण्याचे कारण नाही. त्याने तर योग्यच पत्ता लिहिलेला असतो. म्हणून एपीआय बसवण्यापूर्वी ती कोणाला ऐकू जाईल हे ठरवणे अगत्याचे.

कॅडीच्या दारावर मुळात संकेतशब्द मागितला जात नाही. "बाहेरचा कोणी येथवर पोचूच शकत नाही" या गृहीतावर ते उभे आहे. एकाच यंत्रावर अनेकांची संकेतस्थळे असतील, तर हे गृहीत कोसळते. शेजाऱ्याची आज्ञावलीही त्याच यंत्रावरची असते. तेथे पोर्टऐवजी फाइल-परवानगीने बांधलेले 'युनिक्स सॉकेट' वापरणे शहाणपणाचे. बदल क्वचितच होत असतील, तर एपीआय सरळ बंद ठेवण्याचा पर्यायही आहे. 'डॉकर'च्या पेटीत सर्व्हर चालवणारे बऱ्याचदा पेटीबाहेरून एपीआय गाठता यावी म्हणून ती सर्व दिशांना खुली करतात आणि पोर्टही बाहेर जोडून टाकतात. काम होते, चाचणी यशस्वी ठरते, आणि दार जगाला उघडे राहते. दुसऱ्या ठिकाणाहून काम करायचेच असेल, तर एसएसएचचा बोगदा किंवा संस्थेचे व्हीपीएन वापरून आधी सर्व्हरपर्यंत पोचावे आणि मग एपीआयशी बोलावे. आयआयएसच्या ५५५३९ पोर्टलाही अग्निभिंतीत मोजक्या पत्त्यांपुरतीच वाट द्यावी.

हा धोका काल्पनिक नाही. 'वेबमिन' हे सर्व्हरच्या देखभालीचे साधन १९९७ पासून वापरात आहे आणि ते १०००० क्रमांकाच्या पोर्टवर चालते. ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झाले, की वर्षभरापूर्वीच कोणीतरी त्याच्या बांधणी-यंत्रात शिरून मूळ आज्ञावलीत छुपे दार ठेवले होते. त्याची १.८९० ही आवृत्ती जशी बसवली जाई तशीच असुरक्षित होती. नंतरच्या काही आवृत्त्यांत विशिष्ट पर्याय चालू असल्यास धोका होता. ज्यांनी रीतसर संकेतशब्द ठेवले होते, तेही यातून सुटले नाहीत. ज्यांचे पोर्ट अग्निभिंतीच्या आड होते, त्यांना मात्र आवृत्ती बदलायला उसंत मिळाली.

टोकन आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवू नये, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर मुळीच पाठवू नये. प्रत्येक कामासाठी वेगळे टोकन असले, की एक रद्द केल्याने बाकीची कामे अडत नाहीत. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे टोकन रद्द व्हावे. लहान संस्थांत सर्व्हरचे काम बाहेरच्या एखाद्या जाणकाराकडे तोंडी व्यवहाराने दिलेले असते. तेथे टोकन कोणाकोणाकडे आहेत याची यादीच नसते. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळवायची असते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. एपीआयकडे कोणता निरोप केव्हा आला याची नोंद त्यात असली, तरच घटनेचा माग काढता येतो.

प्रत्यक्ष क्रम

एखाद्या संस्थेने आज हे काम हाती घेतले, तर क्रम साधारण असा राहील. प्रथम नवा पत्ता नोंदवावा आणि त्याच्या लेखनात होणाऱ्या एक-दोन सर्वसाधारण चुकांचे पत्तेही घेऊन ठेवावेत. मग पत्ता-नोंदींची साठवण-मुदत दोन दिवस आधी कमी करावी, म्हणजे बदल लवकर सर्वत्र पोचतो. एपीआयमधून सध्याच्या मांडणीची प्रत काढावी. जुन्या आणि नव्या पत्त्यांची जोडी ओळीने लिहिलेली साधी यादी तयार करावी, आणि लहानशा आज्ञावलीने ती यादी वाचून एकेक निरोप पाठवावा. यादीत चूक सापडली तर यादी दुरुस्त करून आज्ञावली पुन्हा चालवता येते, मात्र तीच ओळ दुसऱ्यांदा आल्यास नियम दुप्पट होणार नाही असे ती लिहिलेली असावी. सर्व जुने पत्ते उघडून ते योग्य पानावर जातात की नाही हे यंत्राकरवीच तपासावे. त्यानंतर ३०२ चे ३०१ करावे.

जुन्या पत्त्याचे प्रमाणपत्रही चालू ठेवावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ब्राउझर आधी जुन्या पत्त्याचे प्रमाणपत्र पाहतो आणि मगच नव्याकडे वळतो. ते संपलेले असेल तर वळण लागण्यापूर्वीच वाचकाला धोक्याचे पान दिसते. ई-मेलचे पत्ते वेब सर्व्हरच्या एपीआयने हलत नाहीत, त्यांची व्यवस्था निराळी करावी लागते.

जुन्या पत्त्याचे शुल्क भरणे कधी थांबवावे, हा प्रश्न संस्थेच्या हिशेबनिसाकडून येतो. शासकीय पत्त्यांच्या नोंदणीची सूत्रे शासनाकडेच असतात, तेथे कोणी परका येऊन बसण्याची भीती कमी. पण '.कॉम', '.ऑर्ग' किंवा '.इन' पत्त्याची मुदत संपली, की ठरावीक काळाने तो कोणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या पत्त्यावर येणारी जुनी पत्रे, छापील पत्रकांवरील क्यूआर कोड, बँकेच्या नोंदीतील दुवे सारे नव्या मालकाच्या हाती जाते. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा स्वतंत्र जिल्हा आहे. त्या नावाच्या पत्त्याला गिऱ्हाईक मिळणे अवघड नाही. सर्व्हरच्या नोंदींत जुन्या पत्त्यावर येणाऱ्या मागण्या दर महिन्याला मोजता येतात. तो आकडा जोवर शून्याच्या जवळ येत नाही, तोवर वर्षाचे ते शुल्क भरत राहावे. त्यानंतरही एक-दोन वर्षे भरल्यास नुकसान काही नाही.